भाऊ : वऱ्हाडातल्या एका शब्दाची वंशावळ

एकाच आईबापाच्या पोटी जन्मलेल्या मुलग्याला त्याची भावंडे ज्या शब्दाने ओळखतात तो शब्द म्हणजे 'भाऊ'. हा त्याचा मूळ अर्थ. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या वऱ्हाडाच्या ऐन मध्यावर, त्याला आणखी चार अर्थ चिकटलेले आहेत. भाऊ हा वावरातला वाटेकरी असतो. सासरी गेलेल्या लेकीसाठी तो माहेराचा माणूस असतो. कित्येक घरांत मुले बापालाच 'भाऊ' म्हणतात. आणि बसस्थानकावर, बाजारात किंवा जिनिंगच्या फाटकापाशी भेटलेला कोणीही अनोळखी पुरुष 'भौ' असतो. या अर्थांपैकी काही अलीकडचे असले, तरी वाटेकरी हा अर्थ या शब्दाला फार पूर्वीपासून लागलेला आहे.

मूळ आणि गोतावळा

'भाऊ' हा संस्कृत 'भ्रातृ' शब्दाचा वंशज आहे. ऋग्वेदात 'भ्रातृ' आढळतो. त्याचे सगेसोयरे भारतापासून पश्चिम युरोपापर्यंत पसरले आहेत: फारसीत 'बरादर', रशियनमध्ये 'ब्रात', लॅटिनमध्ये 'फ्रातेर', इंग्रजीत 'ब्रदर'. हे शब्द एका भाषेने दुसरीकडून उसने घेतलेले नाहीत. भाषाशास्त्रज्ञ ज्या मूळ भाषेला इंडो-युरोपीय म्हणतात तिच्यातून ते आपापल्या वाटेने उतरले आहेत. 'पितृ', 'मातृ', 'दुहितृ' आणि 'भ्रातृ' या चारही शब्दांचा शेवट सारखा आहे, कारण तो नातेवाचक शब्दांचा एक जुना प्रत्यय आहे.

ग्रीक भाषेत या शब्दाने वेगळेच वळण घेतले. तेथे 'फ्रातेर' म्हणजे एका कुळसंघाचा सभासद असा अर्थ रूढ झाला आणि सख्ख्या भावासाठी 'आदेल्फॉस', म्हणजे 'एकाच उदरातून आलेला', असा नवा शब्द पुढे आला. संस्कृतातले 'सोदर' आणि 'सहोदर' हे शब्द याच कल्पनेवर उभे आहेत. लॅटिन 'फ्रातेर'चा अर्थ पुढे मठातल्या साधूपर्यंत पोचला. रक्ताचे नाते सांगणारा शब्द समूहाच्या नात्याकडे सरकण्याची ही प्रवृत्ती इतकी जुनी आहे. मराठीतही 'गुरुबंधू' हा शब्द रक्ताच्या नव्हे, गुरूच्या नात्याने बांधलेल्यांसाठी आहे.

प्राचीन भारतीय व्याकरणकारांनी 'भ्रातृ' शब्दाची फोड केली ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य नसली, तरी समाजाच्या इतिहासासाठी ती मोलाची आहे. निरुक्तकार यास्काने या शब्दाचे दोन अर्थ लावले. भाऊ म्हणजे जो आपला भाग घेऊन जातो तो, किंवा ज्याचे भरणपोषण करायचे असते तो. पहिला अर्थ वाट्याचा, दुसरा सांभाळाचा. 'भ्रातृ'पासून झालेल्या 'भ्रातृव्य' शब्दात ही दुहेरी बाजू आणखी उघड होते. पाणिनीने त्याची दोन सूत्रे दिली आहेत. एकानुसार 'भ्रातृव्य' म्हणजे भावाचा मुलगा, पुतण्या. लगेच पुढच्या सूत्रानुसार तो शत्रू. दोन्ही अर्थांत अक्षरे तीच राहतात, फरक फक्त स्वराघाताचा. यज्ञग्रंथांत 'भ्रातृव्या'वर मात करण्यासाठी करायची कर्मे सांगितली आहेत ती या दुसऱ्या अर्थाने.

प्राकृताची वाट

संस्कृत 'भ्रातृ' आणि मराठी 'भाऊ' यांच्यामध्ये प्राकृत भाषांचा मोठा टप्पा आहे. प्राकृतात जोडाक्षरातला 'र' गळाला, दोन स्वरांमधला 'त' झिजला आणि शेवटच्या 'ऋ'चा कुठे 'उ' तर कुठे 'इ' झाला. 'उ'च्या वाटेने 'भाउ', 'भाउअ' ही रूपे आली आणि त्यांतून मराठी 'भाऊ' झाला. 'इ'च्या वाटेने गेलेल्या रूपातून हिंदी, गुजराती आणि बंगालीतला 'भाई' निघाला. 'मातृ'चे 'माउ' होऊन त्यातून 'माउली' आली, तीही 'उ'च्याच वाटेने. भाऊमधला 'ऊ' आणि माउलीतला 'उ' म्हणूनच जुळतात.

या मधल्या टप्प्याचे कागद वऱ्हाडातच सापडले. कारंजा लाड हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते. तेथील जैन भांडारांत अपभ्रंश भाषेतल्या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती पिढ्यानपिढ्या जपल्या गेल्या. दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत याची काव्ये १९३०च्या दशकात कारंजा ग्रंथमालेतून छापली गेली. त्यांचे एक संपादक हिरालाल जैन हे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात प्राध्यापक होते. प्राकृत संपत आली आणि मराठी, हिंदी, गुजराती अजून पुरत्या वेगळ्या झाल्या नव्हत्या, अशा काळाची ही भाषा आहे. त्यानंतर तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे महानुभाव पंथीयांनी मराठी गद्य लिहायला घेतले, आणि म्हाइंभटाचे 'लीळाचरित्र' त्या परंपरेचा आद्य ग्रंथ ठरले.

शब्दाचा परिवार

मराठीत 'भाऊ'ला विभक्तीचे प्रत्यय लागले की 'ऊ'चा 'वा' होतो: भावाला, भावाने, भावाचा. अनेक साधित शब्द या 'भाव'पासून झालेले दिसतात. 'भ्रातृजाया' म्हणजे भावाची बायको, तिची 'भावजय' झाली. कुळातल्या सगळ्या घरांची मिळून 'भावकी' होते. 'भावंड' हा शब्द मात्र वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. तो भावापासून निघालेला असूनही नपुंसकलिंगी आहे आणि बहिणीलाही पोटात घेतो. संस्कृतातही असेच होते. पाणिनीच्या एका सूत्रानुसार भाऊ आणि बहीण या दोघांचा एकत्र उल्लेख करायचा झाला, तर 'भ्रातरौ' असे द्विवचन वापरता येते. बहीण त्यात गृहीत धरलेली असते.

भावांचे प्रकार सांगायला मराठी विशेषणांचा आधार घेते: सख्खा, सावत्र, चुलत, आते, मामे, मावस, पाठचा, मानलेला. यांतल्या मावसभावाला एका म्हणीने कायमचे बदनाम केले. दोन लबाडांचे एकमत झाले की महाराष्ट्रभर 'चोर चोर मावसभाऊ' असेच म्हणतात. त्याला कारणही असावे. मावसभावांचे कूळ वेगळे, त्यामुळे त्यांच्यात वाटणीचे भांडण नसते आणि मैत्री जमायला आडकाठी नसते.

थोरला आणि लहाना

थोरल्या आणि धाकट्या भावासाठी मराठीत स्वतंत्र मूळ शब्द नाहीत. द्राविडी भाषांचे तसे नाही. कन्नडमध्ये थोरला 'अण्णा' आणि धाकटा 'तम्म'; तेलुगूत 'अन्न' आणि 'तम्मुडु'. दोघांना मिळून एकच साधा शब्द देण्याची गरज त्या भाषांना मुळात भासलेली नाही. मराठीने 'अण्णा' तिकडून उचलला, 'दादा'ही थोरल्यासाठी रूढ केला, पण धाकट्याला वेगळे नाव दिले नाही. वऱ्हाडात 'मोठा भाऊ' आणि 'लहाना भाऊ' म्हणून काम भागते; 'धाकटा' हा शब्द तिकडच्या बोलण्यात कमीच येतो.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू भाषा बोलली जाते. ती मुंडा कुळातली असल्यामुळे तिच्यातल्या नात्यांच्या शब्दांचा 'भ्रातृ'शी संबंध नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या आठवडी बाजारांत कोरकू माणूस आणि मैदानातला शेतकरी एकमेकांना भेटतात तेव्हा दोन अगदी निराळ्या भाषाकुळांची गाठ पडते.

वऱ्हाडी तोंडात

वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा बहुधा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. त्यामुळे 'डोळा' तिकडे 'डोया' असतो, 'ओवाळणी' 'ओवायनी' होते आणि 'बहीण' 'भैन'. 'ला' प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो, म्हणून 'भावाला' न म्हणता 'भावाले' म्हणतात. हाक मारताना 'भाऊ' आखडून 'भौ' होतो. 'काऊन भौ?' या दोन शब्दांत चौकशी, ओळख आणि जवळीक तिन्ही येतात. समोरचा माणूस वयाने मोठा आहे की लहान, याने या हाकेत फरक पडत नाही.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीसाठी शब्दांची आणि वाक्यांची एक ठरावीक यादी भरून घेतली जाई. बाप, आई, भाऊ, बहीण हे शब्द तिच्यात होतेच. शिवाय अमक्याचा भाऊ त्याच्या बहिणीपेक्षा उंच आहे, अशा अर्थाचे एक वाक्यही होते. बोलीचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घेत. त्या गोष्टीत लहाना मुलगा बापाकडे आपला हिस्सा मागतो, तो उडवून परत येतो आणि मोठा भाऊ त्यावर रुसतो. कारकुनी सोयीसाठी निवडलेली ही गोष्ट वऱ्हाडच्या श्रोत्याला परकी वाटण्याचे कारण नव्हते. वाटणी, रुसवा आणि समेट हा तिथल्या घरोघरचा विषय होता.

वाटा आणि धुरा

यास्काने सांगितलेला 'भाग घेऊन जाणारा' हा अर्थ कायद्याच्या भाषेत मिताक्षरेने पक्का केला. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका लिहिली. तिच्यानुसार मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो. त्यामुळे प्रत्येक नवा भाऊ जन्मला की आधीच्या भावांचा हिस्सा तेवढ्याने घटतो. बंगालमधल्या दायभाग पद्धतीत बापाच्या हयातीत मुलांना असा हक्क नसतो. महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात मिताक्षरा चालली.

मुसलमानी आणि मराठा अमलात गावचे पाटील आणि परगण्यांचे देशमुख, देशपांडे ही वतने वंशपरंपरेने चालत. कुटुंब वाढले की वतनाचेही भाग पडत. एका वतनाची 'थोरली पाती' आणि 'धाकटी पाती' होई. हिश्शाला 'तक्षीम' हा अरबी-फारसी शब्द होता आणि हिस्सेदाराला 'तक्षीमदार'. वाटणी जमिनीपुरती थांबत नसे, मानापर्यंत जाई. पोळ्याला वेशीतून कोणाचा बैल आधी निघायचा, होळीची पहिली पोळी कोणाची, गावच्या विड्याचा पहिला मान कोणाचा, यावरून भावांत तंटे होत आणि ते सरकारदरबारी जात. अशा कुळसंबंधी लोकांना 'भाऊबंद' आणि त्यांच्यातल्या तेढीला 'भाऊबंदकी' म्हणतात. शब्दाची घडण पाहिली तर 'भाऊबंदकी'चा अर्थ केवळ भाऊबंद असणे एवढाच निघतो. व्यवहारात मात्र तिचा अर्थ भांडण असाच उरला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातल्या कलहावर १९०९ साली नाटक लिहिले तेव्हा त्याचे नाव 'भाऊबंदकी' एवढेच ठेवले, आणि प्रेक्षकांना अधिक काही सांगावे लागले नाही.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली, वावरांना नंबर पडले आणि प्रत्येक नंबराला खातेदार आला. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. भावांच्या वाटणीला आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू आहे आणि तिच्या ८५व्या कलमात वाटणीची तरतूद आहे. सातबारावर भावांची नावे एकाखाली एक चढतात, फेरफार होतो, पोटहिस्से पडतात. जमिनीवर ही वाटणी धुऱ्याने दिसते. दोन वावरांमधल्या बांधाला वऱ्हाडात 'धुरा' म्हणतात. वाटणी झालेल्या भावांची वावरे शेजारीशेजारीच असतात, त्यामुळे धुऱ्याचा वाद पुष्कळदा सख्ख्या नाहीतर चुलत भावाशीच होतो. कपाशीच्या या मुलखात जमीन काळी आणि सपाट आहे. धुरा दरसाल नांगराने थोडाथोडा कोरला तर तो सहज सरकतो आणि वितभर जमिनीसाठी बोलणे बंद होते.

भैनीचा भाऊ

बहिणीच्या बाजूने पाहिले तर याच शब्दाचा दुसरा चेहरा दिसतो. लग्नात नवरदेवाचा कान पिळून मानाची भेट घेतो तो नवरीचा भाऊ. लाजाहोमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो तोही भाऊच. लग्नानंतर तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून जातो तो बहुधा भाऊ. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपास धरतात.

या नात्याचा मुख्य सण म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीयेची भाऊबीज. यातल्या 'बीज'चा बी-बियाण्याशी संबंध नाही. 'द्वितीया'चेच ते प्राकृतातून आलेले रूप आहे. चंद्राच्या पहिल्या कोरेला 'बीजेचा चंद्र' म्हणतात तोही याच अर्थाने. पंचांगात या दिवसाला यमद्वितीया म्हणतात, कारण त्या दिवशी यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला अशी कथा आहे. हिंदी पट्ट्यात हा 'भाई दूज', गुजरातेत 'भाईबीज' आणि बंगालमध्ये 'भाईफोंटा' होतो. सर्वत्र भाऊ बहिणीकडे जातो, बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात ओवाळणी टाकतो. येथे तो घेणारा नसून देणारा असतो. यास्काच्या दोन अर्थांत सांभाळाची बाजू होती. तिथे सांभाळ भावाचा करायचा होता, इथे भावाने बहिणीचा.

हाक आणि किताब

एकत्र कुटुंबात काका ज्याला 'भाऊ' म्हणतात त्यालाच त्याची मुलेही 'भाऊ' म्हणू लागतात. त्यामुळे वऱ्हाडातल्या, आणि एकूण महाराष्ट्रातल्या, कित्येक घरांत 'भाऊ' म्हणजे वडील असतात. 'दादा', 'अण्णा', 'नाना' या हाकांचेही असेच झाले. 'जी' लागून 'भाऊजी' झाला की तो नवऱ्याचा भाऊ किंवा बहिणीचा नवरा ठरतो. 'साहेब' लागला की 'भाऊसाहेब' हा किताब होतो. पानिपतावर १७६१ साली पडलेले सदाशिवराव पेशवे हे इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध भाऊसाहेब. त्या रणातल्या धांदलीवरून 'भाऊगर्दी' हा शब्द आला आणि पुढे कोणत्याही बेशिस्त गर्दीला लागू झाला. आज महाराष्ट्राच्या अनेक भागांत तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणतात. वऱ्हाडातल्या खेड्यांत जुने लोक तलाठ्याला 'पटवारी' म्हणतात, म्हणून तो किताब तिथे दुसऱ्या एका माणसासाठी राखून ठेवल्यासारखा राहिला.

तो माणूस म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी उभी केली, संविधान सभेचे ते सदस्य होते आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वऱ्हाडात केवळ 'भाऊसाहेब' म्हटले तरी अनेकांच्या मनात पहिले नाव त्यांचेच येते. ज्या संविधान सभेत ते बसले, तिने उद्देशिकेत लिहिलेले मूल्य मराठीत 'बंधुता' झाले. 'बंधू' हा 'बंध्', म्हणजे बांधणे, या धातूपासून आलेला शब्द. 'फ्रॅटर्निटी' ही इंग्रजी संज्ञा मात्र लॅटिन 'फ्रातेर'चीच नात आहे. पुढच्या काळात राजकारणात पहिल्या नावाला 'भाऊ' जोडण्याची रीत विदर्भात पक्की झाली. पश्चिम महाराष्ट्रात नेत्याचा 'दादा' किंवा 'आबा' होतो, तर विदर्भात 'सुधीरभाऊ' आणि 'बच्चूभाऊ'.

घरी परतलेले पाहुणे

'भ्रातृ'चा वंश वऱ्हाडात एकाच रूपाने नांदत नाही. अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीची राजधानी होती. मुसलमानी राजवटींच्या काळात फारसी 'बरादर' येथे 'बिरादर' आणि 'बिरादरी' होऊन रुजला. जातभाईंच्या समूहाला तो चपखल बसला. कापसाच्या व्यापारासाठी अकोल्या-अमरावतीत स्थिरावलेल्या गुजराती व मारवाडी घरांनी 'भाई' आणला. मध्य प्रदेशाला लागून असल्यामुळे 'भैय्या'ही आला, आणि देशमुखी वाड्यांत 'भैय्यासाहेब' झाला. सर्वांत शेवटी इंग्रजी 'ब्रदर' आला तो इस्पितळातून. रुग्णसेवा करणारी 'सिस्टर', तसा पुरुष परिचारक 'ब्रदर'. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे चुलतभाऊ आज अमरावतीच्या एकाच रस्त्यावर ऐकू येतात.

वाटेकरी आता दोघेही

भाऊ या शब्दाला चिकटलेला वाट्याचा अर्थ कायद्याने गेल्या काही दशकांत बदलला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मृताचे भाऊ आणि बहीण हे दुसऱ्या वर्गाचे वारस असून दोघेही एकाच पायरीवर आहेत. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून त्या तारखेपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय दिला. यास्काने भावापुरती सांगितलेली व्याख्या आता बहिणीलाही लागू आहे. गावात मात्र वारसनोंदीनंतर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत अजून चालू आहे. जिने हिस्सा सोडला तिच्याकडे भाऊ दिवाळीत ओवाळून घ्यायला जातो. जिने मागितला तिच्या घरची भाऊबीज कधीकधी बंद पडते. भावाभावांच्या अशा तेढीसाठी मराठीत 'भाऊबंदकी' हा शब्द आहे. भाऊ-बहिणीतल्या तेढीसाठी तसा शब्द अजून घडलेला नाही.